चित्रपटाचे प्रमाणपत्र आणि प्रेक्षकाचे वय

चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर क्षणभर एक प्रमाणपत्र झळकते. त्यावरील एकदोन अक्षरांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. परंतु त्यांच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. कोणता चित्रपट कोणी पाहावा, हे ठरवायचे कोणी, हा त्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

आपल्याकडे पहिला कायदा १९१८ साली झाला आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण मंडळे स्थापन झाली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष पोलीस कमिशनर असत, यावरूनच मंडळाची दृष्टी ध्यानात यावी. मुलांच्या मनापेक्षा राज्याच्या स्थैर्याची काळजी त्यांना अधिक होती. १९२१ च्या ‘भक्त विदुर’ मधील विदुराने खादी व गांधीटोपी धारण केली, तेव्हा मद्रास आणि कराची येथे त्यावर बंदी आली. १९३५ साली प्रभातने एकनाथांच्या चरित्रावर काढलेल्या बोलपटाचे ‘महात्मा’ हे नावही खपले नाही. त्याचे ‘धर्मात्मा’ करावे लागले. संमती किंवा बंदी, एवढाच तो न्याय होता. कायद्यात वयाचा विचारच नव्हता.

तो विचार स्वातंत्र्यानंतर आला. १९४९ च्या दुरुस्तीने सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ असे दोन वर्ग पाडले. १९५१ साली केंद्रीय मंडळ आले आणि १९५२ साली नवा कायदा झाला. पुढे ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या लघुपटास ‘ए’ मिळाले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच सरकारने ‘यू’ देण्याचे कबूल केले. तरीही न्यायालयाने मूळ प्रश्न सोडला नाही. चित्रपट मनावर इतर कलांहून खोल परिणाम करतो, म्हणून पूर्वपरीक्षण व वयानुसार वर्गीकरण वैध आहे, असा निकाल १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने दिला. मात्र कला आणि अश्लीलता यांतील भेद ओळखणारी स्पष्ट सूत्रे हवीत, असेही बजावले.

१९८३ साली बारा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारा ‘यूए’ आणि विशिष्ट व्यावसायिकांपुरता ‘एस’ हे वर्ग आले. त्याच वर्षी मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा व सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले.

आज परीक्षण समितीचे सभासद चित्रपट पाहून आपापले मत लेखी नोंदवतात. निर्मात्यास निर्णय मान्य नसेल, तर पुनरीक्षण समिती आहे. अपिलाचे न्यायाधिकरण २०२१ साली रद्द झाल्यापासून त्यापुढे उच्च न्यायालय आहे.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट निराळीच. ‘ए’ चित्रपटाच्या दारावर अठराच्या आतील मुलास अडवणे हे चित्रगृहाचे कर्तव्य आहे. ‘यूए’ची सूचना मात्र आईबापांखेरीज कोणीही अमलात आणावयाची नाही, असे २०२३ च्या कायद्याने सांगितले आहे. म्हणजे जो अधिकार एके काळी पोलीस कमिशनरच्या हाती होता, त्याचा एक भाग आज आपल्या घरात आला आहे. तो वापरायचा, तर निदान ती अक्षरे तिकीट काढण्यापूर्वी वाचली पाहिजेत.