कादंबरी नावाची मुलगी

लोकलमध्ये फोनवर शापित राजपुत्राची लव्हस्टोरी वाचताना कुणी डोकावलं, की आपण पटकन स्क्रीन फिरवतो ना? "असलं काय वाचतेस, एखादी चांगली कादंबरी वाच की!" हे तर घरोघरी. पण 'कादंबरी' हे मुळात एका मुलीचं नाव. आणि ती फँटसी रोमान्सचीच नायिका!

सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने तिची गोष्ट संस्कृतात लिहायला घेतली. गोष्ट सांगतो कोण, तर एक पोपट. कादंबरी गंधर्वांची राजकन्या, तिचं प्रेम चंद्रापीड या राजपुत्रावर. तिची मैत्रीण महाश्वेता मेलेल्या प्रियकराची वाट बघत अच्छोद सरोवराकाठी तप करतेय. आणि कादंबरी विरहात तळमळत असतानाच... लेखक वारला! याहून वाईट क्लिफहँगर मला तरी माहीत नाही. शेवटी मुलाने, भूषणभट्टाने, गोष्ट पुरी केली. त्यात चंद्रापीड मरतो, पण त्याचा देह कुजत नाही. कादंबरी तो जपत बसते, पुनर्जन्माचं कोडं सुटेपर्यंत.

एकोणिसाव्या शतकात मराठीत नॉव्हेल आलं, त्याला हेच नाव चिकटलं. कन्नडमध्येही तेच. सुरुवातीच्या 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' याही अद्भुतरम्य प्रेमकथाच. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांच्यानंतरची. विधवेचं सोसणं सांगणारं इतकं वास्तव पुस्तक, तेही आपण ओळखतो एका गंधर्वकन्येच्याच नावाने.