प्रक्षेपण चाचण्यांची यथार्थता

शाईचा डाग, संदिग्ध चित्र, अपुरे वाक्य किंवा कोरा कागद समोर ठेवून, मिळालेल्या प्रतिसादावरून व्यक्तीच्या गरजा, भीती, मनातील संघर्ष व विचारांची घडण यांचा अंदाज घेणाऱ्या चाचण्यांना प्रक्षेपण चाचण्या म्हणतात. ‘प्रक्षेपण पद्धती’ ही संज्ञा लॉरेन्स फ्रँक यांनी १९३९ मध्ये रूढ केली. चाचणी जे मोजल्याचा दावा करते तेच खरोखर मोजते का, हा यथार्थतेचा प्रश्न या चाचण्यांबाबत सर्वाधिक वादाचा ठरला आहे.

प्रमुख चाचण्या : स्विस मनोविकारतज्ज्ञ हेर्मान रोर्शाक यांनी १९२१ मध्ये दहा शाईडागांची चाचणी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि तिच्या गुणांकनाच्या परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती निर्माण झाल्या. हेन्री मरे व क्रिस्टियाना मॉर्गन यांनी १९३५ मध्ये टीएटी ही चित्रकथा चाचणी मांडली. तिच्या ३१ कार्डांपैकी एक कोरे असते. मानवाकृती रेखाटन आणि वाक्यपूर्ती या चाचण्याही याच गटातल्या. टीएटीचे भारतीय रूपांतर उमा चौधरी यांनी, तर रोझेनझ्वाइग यांच्या चित्र-वैफल्य चाचणीचे उदय पारीक यांनी केले.

पुरावा : १९६७ मध्ये लॉरेन व जीन चॅपमन यांनी विद्यार्थ्यांना मानवाकृतींची रेखाटने आणि त्यांना कोणत्याही संबंधाविना जोडलेली लक्षणे दाखवली. तरीही ठळक डोळे म्हणजे संशयी स्वभाव, असा मेळ विद्यार्थ्यांना ‘सापडला’. अनुभवी परीक्षकाची खात्री हा पुरावा का ठरू शकत नाही, हे या प्रयोगाने स्पष्ट केले. जॉन एक्सनर यांनी १९७४ मध्ये रोर्शाकच्या गुणांकनाला एकसूत्री रूप दिले. मात्र त्यांच्या मानदंडांनुसार निरोगी माणसेही आजारी ठरतात, असा आक्षेप पुढे आला. स्कॉट लिलिएनफेल्ड, जेम्स वूड व हॉवर्ड गार्ब यांनी २००० साली घेतलेल्या आढाव्यात रोर्शाक व टीएटीच्या मोजक्याच निर्देशांकांना आधार आढळला. रेखाटनांचा आधार त्याहून दुबळा होता. २०१३ मध्ये जोनी मिहुरा व सहकाऱ्यांनी एक्सनर पद्धतीतील ६५ चलांचे संशोधन एकत्र तपासले. १३ चलांना उत्तम, १७ चलांना चांगला व १० चलांना माफक आधार होता. १३ चलांना जवळजवळ आधारच नव्हता, तर १२ चलांवर संबंधित अभ्यासच नव्हते. विचारांतील विस्कळीतपणा दाखवणारे गुण टिकाऊ ठरले आणि ते टीकाकारांनीही मान्य केले. त्यामुळे एखादी चाचणी सरसकट खरी किंवा खोटी ठरवता येत नाही. निर्णय प्रत्येक गुणाचा आणि त्याच्या वापराचा वेगळा करावा लागतो.

भाषा व परिसर : टीएटीच्या पहिल्या कार्डावर व्हायोलिनकडे पाहत बसलेला मुलगा आहे. दुसऱ्या कार्डावर पुस्तके घेतलेली तरुणी आणि मागे घोड्यासह शेतात राबणारा पुरुष आहे. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडच्या मुलीने या दुसऱ्या चित्रावर कर्ज, नापिकी आणि अकोल्यातल्या कॉलेजचा खर्च यांची गोष्ट सांगितली, तर तो मनातला संघर्ष मानायचा की घरातली वस्तुस्थिती? त्या परिसरातील मुलांच्या उत्तरांचे मानदंड हाती असल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. मुलगी वऱ्हाडीत बोलली आणि परीक्षकाने ते प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत उतरवले, तर शब्दनिवडीवर आधारलेले गुणही बदलतात. अशा मुलीवर परक्या मानदंडांचा शिक्का मारणे हा तिच्यावर अन्याय आहे.

उपयोग : सैन्याधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाच्या परीक्षेत चित्रकथा व शब्दसाहचर्य चाचण्या असतात. पाठ केलेल्या गोष्टी लिहिल्या गेल्या, तर उत्तर मनातून आपसूक उमटते हे मूळ गृहीतकच ढासळते. तेथे मुलाखत व गटकार्य यांचीही जोड असते. सार्वजनिक आरोग्याची वाट वेगळी आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमाच्या मूल्यमापनात नैराश्य ओळखण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरली गेली. ती मागील दोन आठवड्यांतील झोप, भूक, उदासी, मरणाचे विचार यांबद्दल थेट विचारते. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. हे यश गावपातळीवरच्या कामाचे आहे; परंतु ते मोजता आले, कारण साधन सोपे व तपासलेले होते.

मर्यादित वापर : अबोल मूल किंवा संकोची रुग्ण बोलता व्हावा यासाठी चित्रे उपयोगी पडतात. अशा वेळी मिळालेली गोष्ट संवादाची सुरुवात मानावी, निदान नव्हे. मुलाचा ताबा, नोकरी, गुन्ह्यातील जबाबदारी किंवा आत्महत्येचा धोका यांविषयीचा निर्णय केवळ प्रक्षेपण चाचणीवर घेणे शास्त्राला धरून नाही. अहवालात गुणांकनाची पद्धत, मानदंड कोणत्या लोकसमूहाचे आणि उत्तरे कोणत्या भाषेत दिली, हे नमूद असावे. निष्कर्षाला मुलाखत, पूर्वेतिहास व वर्तनाचे निरीक्षण यांचा स्वतंत्र दुजोरा असावा. तो नसेल, तर निष्कर्ष अहवालातून वगळावा.