पत्नीत्वाचा पुरावा : तंजावर, केपटाऊन आणि पुणे

नोकरी-व्यवसायानिमित्त परदेशी राहणाऱ्या ज्या वाचकांनी आपल्या पत्नीला अगर पतीला तिकडे नेण्यासाठी अर्ज केला असेल, त्यांना त्यातील खरी मेख ठाऊक असते. आपला विवाह झाला आहे की नाही, हा प्रश्न तेथे दुय्यम असतो. ज्या देशात प्रवेश हवा त्या देशाचा कायदा त्या विधीला विवाह मानतो की नाही, हा मुख्य. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न न्यायालयात उभा राहिला आणि पुढे त्याने सरकारला नमते घ्यायला लावले. त्या प्रकरणाचा एक धागा तंजावर जिल्ह्यात पोहोचतो, दुसरा पुण्यात.

तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतात. राज्यसत्तेपुढे पत्नीचा हक्क किती टिकतो, हा वाद त्या राजवाड्यानेही पाहिला होता. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारल्यावर कंपनीने सारी मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासला त्या जिंकल्या. पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असे ठरविले. तेथे विवाह वादात नव्हता, एवढाच फरक.

परंतु राजवाड्यापलीकडे कावेरीच्या मुखाकडील खेड्यांचे एक निराळे तंजावर होते. तेथील माणसे सिलोन, मलाया, ब्रह्मदेश आणि आफ्रिकेत गेली. १८६० ते १९११ या काळात एकट्या नाताळ वसाहतीत दीड लाखाहून अधिक करारबद्ध हिंदी मजूर उतरले, आणि त्यांपैकी बहुसंख्य मद्रास बंदरातून निघालेले होते. पहिल्या वर्षी मजुराचे वेतन महिना दहा शिलिंग. १८९५ च्या कायद्याने करार संपल्यावरही तेथेच राहणाऱ्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसविला. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, अर्थात त्या वेतनाचे सहा महिने. पुढे हा कर वयात आलेल्या मुलांवरही आला. महसूल हा त्याचा हेतू क्वचितच असेल. पुन्हा करार करा किंवा परत जा, हे सांगण्याची ती एक रीत होती.

आता विवाहाकडे. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. हसन इसप या रहिवाशाची पत्नी बाई मरियम हिला प्रवेश नाकारण्यात आला होता. हा विवाह इस्लामी रीतीने झालेला. ज्या धर्मपद्धतीत एकाहून अधिक पत्नींना मुभा आहे, त्या पद्धतीने झालेला विवाह कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्या गृहस्थाला प्रत्यक्षात पत्नी किती, हा मुद्दाच उरला नाही. इंग्लंडमध्ये १८६६ च्या हाइड खटल्यात मॉर्मन विवाहाबाबत असेच तर्कशास्त्र वापरले गेले होते. परंतु त्या काळी हिंदू कायद्यातही बहुपत्नीत्वाला मनाई नव्हती. त्यामुळे तंजावरच्या खेड्यात अग्नीपुढे ताली बांधलेली स्त्रीही एका निकालाने पत्नीपदावरून उतरली. तिच्याजवळ नोंदीचा कागद नव्हता, कारण गावात तो कोणी मागतच नसे.

निकालाने जो समाज सर्वाधिक दुखावला, तो होता स्त्रियांचा. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा आणि फिनिक्सच्या इतर स्त्रिया सरहद्द ओलांडून तुरुंगात गेल्या. ट्रान्सवालमधील स्त्रियांची एक तुकडी, बहुतेक तमिळ, न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर जाऊन मजुरांना समजावू लागली आणि खाणी बंद पडल्या. नोव्हेंबरात निघालेल्या मोर्चात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. मूळच्या तंजावर जिल्ह्यातील तिल्लैयाडीच्या कुटुंबातली, जोहान्सबर्गला वाढलेली वळ्ळियम्मै आईबरोबर या लढ्यात उतरली. मॅरित्झबर्गच्या तुरुंगातून ती तापाने खंगून बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी गेली. वय अवघे सोळा.

पुण्याचा धागा नामदार गोखल्यांचा. त्यांच्या ठरावानंतर १९११ पासून नाताळला करारबद्ध मजूर पाठविणे थांबले होते. १९१२ मध्ये ते स्वतः तेथे गेले. जोहान्सबर्गच्या कोकणी मुसलमानांपुढे आणि थोड्या महाराष्ट्रीय हिंदूंपुढे गांधींच्या आग्रहाने मराठीत बोलले, आणि भाषांतर केले ते गांधींनी! तीन पौंडांचा कर जाईल असे आश्वासन मिळाल्याची त्यांची समजूत झाली होती. सरकारने ते नाकारले. पुढे त्यांनी हिंदुस्थानातून निधी आणि लोकमत उभे केले. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासमध्ये उघड सहानुभूती दाखविली आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांना नागपूरहून आफ्रिकेस धाडले. ज्याला आपण मुत्सद्देगिरी म्हणतो तिचे अर्धे काम असे एखाद्या अधिकाऱ्याच्या बदलीच्या हुकुमातून होत असते.

१९१४ च्या हिंदी सवलत कायद्याने कर गेला. रहिवाशाची एक पत्नी आणि तिची अज्ञान मुले यांच्या प्रवेशाचा हक्क मान्य झाला, हिंदी धर्मगुरूंना विवाह अधिकारी नेमण्याची सोय झाली, आणि अंगठ्याचा ठसा असलेले रहिवासाचे प्रमाणपत्र, ओळख पटल्यास, निर्णायक पुरावा ठरले. पुराव्याचे ओझे अर्जदारावरच राहिले. मात्र ते उचलता येण्याजोगे झाले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातच सुधारणेचा खरा गाभा दिसतो. हक्क कागदावर असून तो सिद्ध करण्याचा खर्च गरिबाला परवडत नसेल, तर तो हक्क केवळ श्रीमंतांपुरता उरतो. आपल्याकडे सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २००६ मध्ये. आणि त्याआधी नोंदणी कचेरीत जाणाऱ्यांत व्हिसासाठी धावपळ करणाऱ्यांचा भरणा मोठा असे, हे त्या खात्यातील कोणीही सांगेल.

ज्यांना आधीपासून एकाहून अधिक पत्नी होत्या, त्यांची सोय कायद्यात झाली नाही. ती गृहखात्याचे सचिव गॉर्जेस यांनी ३० जून १९१४ रोजी गांधींना लिहिलेल्या पत्रात झाली: अशा थोड्या स्त्रियांना प्रवेश मिळावा अशा सूचना अधिकाऱ्यांना दिल्या जातील. तीन आठवड्यांच्या आत गांधींनी आफ्रिका सोडली आणि पुढल्या वर्षी ते तिल्लैयाडीला जाऊन आले.