एचटीएमएल दस्तऐवजातून घटक निवडण्याच्या तंत्राचा इतिहास

प्रस्तावना : एचटीएमएल दस्तऐवज वरकरणी अक्षरांची सलग माळ असतो, रचनेने मात्र तो एकात एक सामावलेल्या घटकांचा वृक्ष असतो. सर्व्हरवरील आज्ञावलीने त्यातून शीर्षक, दुवा किंवा तक्त्यातील रकाना कसा वेगळा काढावा, याचा इतिहास या दोन दृष्टींभोवती फिरतो.

विवेचन : १९९० च्या दशकात पर्लसारख्या भाषांत रेग्युलर एक्स्प्रेशनने टॅग शोधण्याची पद्धत रूढ होती. ती सोपी होती; परंतु एका घटकात तसाच दुसरा घटक आला की पहिला कोठे संपतो, हे तिला खात्रीने ठरविता येत नसे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९८ मध्ये 'डॉम' व १९९९ मध्ये 'एक्सपाथ' यांची शिफारस केली आणि वृक्षदृष्टीला अधिष्ठान लाभले. २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ ने लिबएक्सएमएल२ च्या आधारे ही दोन्ही साधने उपलब्ध करून दिली.

मराठीच्या दृष्टीने येथेच अडचण उद्भवली. संकेतन घोषित नसलेला मजकूर 'लोडएचटीएमएल' ही पद्धत आयएसओ-८८५९-१ मानून वाचत असे. परिणामी घटक अचूक सापडे, पण त्यातील देवनागरी विद्रूप होई. सदोष टॅगांचे वाचन कसे करावे, याचे तपशीलवार नियम २०१४ मध्ये शिफारस झालेल्या एचटीएमएल५ ने दिले. त्यांना अनुसरणारा नवा वर्ग पीएचपी ८.४ मध्ये २०२४ साली आला.

निष्कर्ष : रचनेइतकेच संकेतनही जपावे लागते. घटक हाती आला आणि अक्षर हरवले, तर निवड अपुरीच ठरते.