वीज, पाणी आणि मूल्य : कृष्णा-भीमा खोऱ्यातील पश्चिमेकडे वळविलेल्या पाण्याचा इतिहास (१९१०–२०११)

सारांश : सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले कृष्णा व भीमा खोऱ्यांतील पाणी कोकणात सोडून वीजनिर्मिती करण्याची प्रथा १९१५ पासून चालू आहे. खाजगी मालकीचे टाटा प्रकल्प आणि शासकीय मालकीचा कोयना प्रकल्प या दोहोंच्या इतिहासाच्या आधारे, विजेच्या दरात पाण्याच्या मूल्याचा विचार कितपत झाला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील जलविद्युतीच्या इतिहासात मालकीच्या प्रश्नावर विपुल चर्चा झाली आहे. खाजगी कंपनीने नदी वापरावी काय, हा वाद १९२१ मध्ये मुळशीत झाला; १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणामुळे तो नव्या रूपात पुढे आला. तुलनेने दुर्लक्षित राहिला तो मूल्याचा प्रश्न. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी पश्चिमेकडे वळविले असता त्या पाण्याला मुकणाऱ्या खोऱ्याचे नुकसान कोणाच्या हिशेबात धरले जाते? मालकी खाजगी असो वा शासकीय, हे नुकसान विजेच्या दरात कधीच समाविष्ट झाले नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. टाटा प्रकल्प व मुळशीचा संघर्ष

मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालत व त्यांना लागणारा कोळसा दूरवरून आणावा लागे. घाटमाथ्यावरील मुसळधार पाऊस व कोकणात उतरणारा सुमारे पाचशे मीटरचा सरळ उतार यांचा उपयोग करण्याची जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर, १९१० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीद्वारे साकार झाली. लोणावळा परिसरातील वळवण, शिरवता व लोणावळा या तलावांच्या पाण्यावर खोपोली येथील केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे कार्यान्वित झाली.

भिरा केंद्रासाठी मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ बांधावयाच्या धरणात मुळशी पेट्यातील भातशेती बुडणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार देऊन तत्कालीन मुंबई सरकारने कंपनीचा मार्ग सुकर केला. या विरोधात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट हे या लढ्याचे प्रमुख नेते होत. १९२४ च्या अखेरीस लढा मावळला व धरण पूर्ण झाले.

या लढ्यातील वाद प्रामुख्याने जमिनीविषयी होता. सरकार व कंपनी यांनी भरपाईची भाषा केली ती जमिनीच्या किमतीची. जमीन कसणाऱ्या कुळांच्या उपजीविकेला त्या हिशेबात फारसे स्थान नव्हते. पाणी तर हिशेबाबाहेरच राहिले. पावसाचे पाणी अन्यथा वायाच जाणार, हे गृहीतक त्यामागे होते. भीमेच्या खालच्या अंगाला असलेला सोलापूरचा अवर्षणप्रवण प्रदेश या व्यवहारात पक्षकारच नव्हता.

३. कोयना : शासकीय मालकी, तोच हिशेब

स्वातंत्र्योत्तर काळात कोयना प्रकल्पाची उभारणी शासनाने केली. १९६२ मध्ये वीजनिर्मितीस आरंभ झाला. येथेही पाणी घाटाखाली उतरून वाशिष्ठी नदीस मिळते. टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट झाली. त्यांपैकी १००० मेगावॅटचा चौथा टप्पा १९९९ च्या सुमारास कार्यान्वित झाला.

दरनिश्चितीची पद्धत मात्र दोन्हीकडे एकाच तत्त्वावर आधारलेली राहिली. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याच्या सहाव्या परिशिष्टाने खाजगी परवानाधारकांना भांडवलावर ‘वाजवी परतावा’ मान्य केला. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज नियामक आयोगाच्या काळातही गुंतवणूक, घसारा, व्याज, देखभाल व परतावा हेच दराचे घटक राहिले. जुन्या धरणांचे भांडवल फिटल्यावर त्यांची वीज स्वस्त दिसू लागते. ही स्वस्ताई अंशतः पाण्याच्या मूल्याकडे डोळेझाक केल्याने येते. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाल्यानंतर कोयना केंद्र जलसंपदा विभागाच्या मालकीचे राहून महानिर्मिती कंपनीकडून भाडेपट्ट्याने चालविले जाऊ लागले. भाडे मालमत्तेचे ठरले. खोऱ्याला मुकलेल्या पाण्याचे नव्हे.

४. लवादाची मर्यादा

पाण्याच्या पर्यायी उपयोगाची दखल प्रथम आंतरराज्य वादात घेतली गेली. १९६९ मध्ये नियुक्त झालेल्या बच्छावत लवादापुढे खालच्या राज्यांनी पश्चिमेकडील वळवणुकीस हरकत घेतली. १९७३ चा अहवाल व १९७६ चा पुढील अहवाल यांनुसार महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० टी.एम.सी., म्हणजे अब्ज घनफूट, पाणी आले. टाटा प्रकल्पांसाठी एका जलवर्षात ५४.५ टी.एम.सी. व सलग पाच वर्षांत २१२ टी.एम.सी. ही मर्यादा घालण्यात आली. कोयनेची मर्यादा १९७४ पासूनच्या दहा वर्षांसाठी वार्षिक ९७ टी.एम.सी., नंतरच्या प्रत्येकी पाच वर्षांसाठी ८७ व ७८, आणि १९९४ नंतर ६७.५ टी.एम.सी. अशी उतरती ठेवण्यात आली. वीज अन्य साधनांनीही निर्माण करता येते, पिकाला पाण्याखेरीज पर्याय नाही, हा या उतरत्या क्रमामागील तर्क सहज ध्यानात येतो.

या मर्यादेचा एक परिणाम लक्षणीय आहे. मर्यादा उतरत असतानाच कोयनेची क्षमता वाढविण्यात आली. अधिक पाणी मिळणार नसल्याने तेच पाणी मागणीच्या ऐन तासांत वापरणे फायद्याचे ठरले. भिरा येथील १५० मेगावॅटचा उदंचन संच, जो १९९७ मध्ये उभारला गेला, त्याच दिशेचा निदर्शक होय. परिमाणाला मर्यादा पडताच पाण्याचे मूल्य वाढते, हे त्यातून सिद्ध होते.

५. मूल्याचा अंदाज

एक टी.एम.सी. पाणी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. ५०० मीटर उतार व ८५ टक्के कार्यक्षमता धरल्यास त्यातून सुमारे सव्वातीन कोटी युनिट वीज मिळते. तेच पाणी हेक्टरी ७००० घनमीटर या प्रमाणात दिल्यास सुमारे ४००० हेक्टर भिजू शकतात. पर्यायी विजेचा दर युनिटला ४ रुपये मानल्यास विजेचे मूल्य सुमारे १३ कोटी, म्हणजे हेक्टरी सुमारे ३२ हजार रुपये होते. शेतीतून त्याहून अधिक मूल्य निर्माण होईल किंवा नाही, हे पीक, कालव्यांतील गळती व पाण्याची वेळ यांवर अवलंबून आहे. हा हिशेब ढोबळ आहे. तथापि विजेचा लाभ मुंबईस व तुटवडा भीमा खोऱ्यास, ही विभागणी त्यातून स्पष्ट होते.

प्रतिपक्षही दुर्लक्षिण्याजोगा नाही. वीजनिर्मितीनंतरचे पाणी पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांना मिळते आणि त्यांवर कोकणातील शहरे व औद्योगिक वसाहती अवलंबून आहेत. वळवणूक एकाएकी थांबविल्यास तेथे नवा तुटवडा निर्माण होईल. शतकभरात वळविलेल्या पाण्याभोवतीही हक्कदार निर्माण झाले आहेत.

६. निष्कर्ष

धोरणांतील प्राधान्यक्रम या संदर्भात बोलका आहे. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीत पेयजल व सिंचन यांच्यानंतर जलविद्युतीस स्थान मिळाले. २००३ च्या राज्य जलनीतीने उद्योगास शेतीच्या अगोदर स्थान दिले आणि २०११ मध्ये तो क्रम बदलून शेतीस अग्रक्रम देण्यात आला. प्राधान्य बदलले, तरी विजेच्या दराची रचना बदलली नाही. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घाऊक पाण्याचे दर ठरविते व वीज नियामक आयोग विजेचे. एकाच धरणाचे पाणी व वीज यांचा हिशेब दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडला जातो.

टाटा व कोयना यांच्या इतिहासावरून असे दिसते, की मालकी बदलल्याने खोऱ्याच्या हिताचे रक्षण आपोआप होत नाही. लवादाने घातलेली परिमाणाची मर्यादा हेच आजवरचे एकमेव प्रभावी संरक्षण ठरले आहे, परंतु ते राज्याराज्यांपुरते मर्यादित आहे. सोलापूरचा शेतकरी आणि मुंबईचा वीजग्राहक यांच्यातील न्याय्य वाटणीसाठी दोन्ही नियामकांनी दर ठरविताना वळविलेल्या पाण्याचे मूल्य एकत्रितपणे विचारात घेणे आवश्यक आहे. मुळशीत जमिनीपुरताच मर्यादित राहिलेला भरपाईचा विचार पाण्यापर्यंत नेणे, हे त्या लढ्याचे अपुरे राहिलेले कार्य होय.