सहावीतला प्रकल्प आणि ट्रॉम्बेचा रस्ता

शीव सोडून चुनाभट्टीवरून चेंबूरला येणारा आणि पुढे देवनार, मानखुर्द करत ट्रॉम्बेकडे जाणारा वि. ना. पुरव मार्ग हा मुंबईतल्या विज्ञानशिक्षणाचा सगळ्यात दाट रस्ता आहे, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन याच रस्त्यावर, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, आणि टोकाला अणुशक्तीनगर व भाभा अणुसंशोधन केंद्र. 1969 मध्ये याच केंद्रातल्या अभियंत्यांनी आखलेल्या संगणकाला टीडीसी-12, म्हणजे 'ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर' असं नाव मिळालं. गावाचं नाव संगणकाला मिळालं, पण त्या गावच्या शाळेत संगणक यायला आणखी पंधरा-वीस वर्षं जावी लागली. आज सहावीच्या मुलांना कोडिंग शिकवावं की नाही, हा वाद 2020 मध्ये जन्मल्यासारखा घातला जातो. वास्तविक या रस्त्यावर त्याआधीच्या पन्नास वर्षांत दोन वेगळे प्रवाह वाहत होते. एक, मुलानं स्वतःचा प्रश्न शोधून स्वतः त्यावर काम करण्याचा. दुसरा, संगणक हा विषय म्हणून शिकवण्याचा. हे दोन प्रवाह क्वचितच एकत्र आले, आणि आजच्या कोडिंगच्या वर्गांचं दुखणं त्यातच आहे.

पहिला प्रवाह जुना आहे आणि त्याची सुरुवात संगणकाशिवाय झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांना साठच्या दशकाच्या अखेरीस महापालिका शाळांच्या विज्ञानवर्गात रस वाटू लागला. त्यातून 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. प्रा. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे कर्तेधर्ते. केंद्राला मानखुर्दची स्वतःची वास्तू मिळाली ती 1992 मध्ये. त्याआधीची वर्षं या मंडळींनी पालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात घालवली. त्या काळच्या कामातला महत्त्वाचा निष्कर्ष आजही टोचतो: मुलं अडतात ती विज्ञानापाशी कमी आणि पाठ्यपुस्तकाच्या भाषेपाशी जास्त. वाक्य सोपं केलं, मुलाला बोलू दिलं, उलट प्रश्न विचारू दिला, तर 'ढ' ठरवलेली मुलंही तर्क करतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पालिका शाळांतल्या वंचित समाजातल्या मुलांबरोबर केंद्रानं गुणवत्ता शोधण्याचा आणि जोपासण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यावरचं कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांचं पुस्तक 1985 मध्ये आलं. त्यात भर शोधण्यापेक्षा जोपासण्यावर होता. आज मराठी घरांत हे केंद्र विज्ञानाच्या ऑलिम्पियाड स्पर्धांमुळे ओळखलं जातं, म्हणजे शोधण्याच्या बाजूने. कीर्तीचं असंच असतं.

याच सुमारास, 1981 पासून, बृहन्मुंबईतल्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळानं डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. नावामुळे अनेकांना ती मानखुर्दच्या केंद्राची वाटते. ती शाळांतल्या शिक्षकांनी उभी केलेली आहे, आणि हेच तिचं वैशिष्ट्य. स्पर्धा सहावी आणि नववीसाठी. आधी लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, आणि त्यातून वर आलेल्यांसाठी मुलाखत व कृती संशोधन प्रकल्प. म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलानं आपल्या आसपासचा एखादा प्रश्न उचलायचा, निरीक्षणं नोंदवायची, काहीतरी उपाय करून पाहायचा आणि परीक्षकांसमोर बसून त्याचं समर्थन करायचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, कोडिंग आणण्याची शिफारस केली, तेव्हा त्याच वयाच्या मुलांकडून स्वतंत्र प्रकल्प मागण्याची रीत मुंबईच्या मराठी मध्यमवर्गात चार दशकं मुरलेली होती. नव्या उत्साहात याची आठवण फारशी कुणी काढली नाही.

दुसरा प्रवाह सरकारी दप्तरातून निघाला. 1984-85 मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाची योजना आणली आणि देशभरातल्या निवडक शाळांत ब्रिटनहून आलेले बीबीसी मायक्रो संगणक पोचले. सुरुवात 250 शाळांनी झाली. पुढे बारा हजारांच्या आसपास यंत्रं वाटली गेली. ही योजना माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांसाठी होती, त्यामुळे सहावीतलं मूल तिच्या बाहेरच राहिलं. शिवाय शाळेगणिक मोजके संगणक, एका तासिकेत साठ मुलं, आणि 'संगणक परिचय' असा धडा. अशा व्यवस्थेत मूल संगणकाकडून काय करून घेईल, हा प्रश्न उद्भवतच नाही. संगणकाच्या भागांची नावं पाठ करणं तेवढं जमतं. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी घराघरांत पोचलं. त्यातून लाखो मराठी तरुणांना कार्यालयात वापरण्याजोगी संगणकसाक्षरता मिळाली, हे मोठंच काम. पण प्रमाणपत्र हेच तिथलं फळ होतं. 2015 मध्ये मुंबई महापालिकेनं आठवीच्या मुलांना टॅब दिले, त्यांत पाठ्यपुस्तकं भरलेली होती. दप्तराचं ओझं कमी करणं हा हेतू चांगला, तरीही मुलाच्या हातात आलेलं यंत्र वाचायचं आणि पाहायचं होतं, घडवायचं नव्हतं.

हे दोन प्रवाह भेटतात कसे, ते लोगो या संगणकाच्या भाषेत दिसतं. ती अमेरिकेत 1967 मध्ये, म्हणजे टीडीसी-12 च्या दोन वर्षं आधी, सीमोर पॅपर्ट, वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी रचली. पडद्यावर एक कासव असतं. त्याला 'पन्नास पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे' असं चार वेळा सांगितलं की चौकोन होतो. मग मूल त्रिकोण काढायला जातं. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे पाठ असतं, म्हणून तीन वेळा साठ अंश वळवतं. कासव त्रिकोण पुरा करत नाही, षट्कोनाच्या तीन बाजू काढून थांबतं. इथं बाई फळ्यावर चूक खोडत नाहीत. मूल उठून स्वतः कासवासारखं जमिनीवर चालून पाहतं आणि त्याच्या लक्षात येतं की वळताना बाहेरचा कोन मोजावा लागतो, तो एकशे वीसचा आहे. भूमितीचा जो धडा वहीत महिनाभर रखडतो, तो इथं मुलानं आपल्या अडचणीतून कमावलेला असतो. 2007 च्या सुमारास रायगड जिल्ह्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या चळवळीचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांवर याच कासवाची चित्रांच्या ठोकळ्यांनी चालवायची आवृत्ती होती, आणि मानखुर्दच्या केंद्रातल्या प्रा. नागार्जुन यांच्या गटानं या शाळेशी संबंध ठेवून अभ्यास केला. ही मुलं पहिली ते चौथीची, तीही वाडीवरची. सहावीच्या शहरी मुलाला हे झेपेल का, असा प्रश्न त्यानंतर उरायला नको होता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. आवडीचा प्रकल्प हे चेंबूरच्या बंगल्यांतल्या मुलांचं कौतुक झालं. गोवंडीच्या मुलाला आधी अंकगणित आणि पुढे नोकरी मिळवून देणारं कौशल्य हवं. आकड्यांत पाहिलं तर आक्षेपाला आधार आहे. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात, गोवंडी ज्यात येते त्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक शहरात सर्वांत खाली, 0.05 होता. देवनारचं कचऱ्याचं मैदान 1927 पासून इथेच आहे, आणि त्याच विभागात विज्ञान शिक्षण केंद्र आणि टाटा समाजविज्ञान संस्थाही आहेत. पण नोकरीचं कौशल्य म्हणून जे शिकवलं जातं ते सर्वांत आधी शिळं होतं, हे या शहरानं टंकलेखनाच्या संस्थांपासून पाहिलेलं आहे. आणि ऐंशीच्या दशकातला पालिका शाळांचा अनुभव याच्या उलट बोलतो: ज्या मुलांना केवळ सराव करून घेण्यालायक समजलं जात होतं, त्यांना विचार करायला वेळ आणि ऐकून घेणारा शिक्षक मिळाला तेव्हा ती शालान्त परीक्षेतही पुढे गेली. गरिबाला सराव आणि श्रीमंताला शोध, ही वाटणी कुठल्याही पुराव्यावर उभी नाही. ती सोयीची आहे, एवढंच.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. शाळेतला 'प्रकल्प' आपण इतका बिघडवला आहे की तो कोडिंगला कसला आधार देणार? सातत्यपूर्ण मूल्यमापन आल्यावर प्रत्येक विषयाला प्रकल्पवही आली. स्टेशनरीच्या दुकानात नद्यांची, नेत्यांची, किल्ल्यांची चित्रं पाकिटात तयार मिळू लागली, थर्माकोलचा ज्वालामुखी आईनं रात्री जागून केला. बालवैज्ञानिक स्पर्धेभोवतीही शिकवण्या उभ्या राहिल्या. हे सगळं खरं आहे. फक्त त्यातून निष्कर्ष काय काढायचा, हा मुद्दा आहे. गुण मिळवण्यासाठी मागितलेला प्रकल्प घरच्यांचा होतो. मुलाखतीत 'हे असंच का केलंस?' असं विचारलं की तीन मिनिटांत तो कुणाचा, ते उघडं पडतं. बालवैज्ञानिक स्पर्धेच्या शिक्षकांनी प्रकल्पाला मुलाखत जोडली होती, ती या अनुभवातूनच आलेली दिसते. कोडच्या बाबतीतही तेच. आता तर यंत्राला सांगितलं की ते आख्खा प्रोग्रॅम लिहून देतं, म्हणून कोडिंग शिकण्यात अर्थ नाही, असा नवा सूर ऐकू येतो. पण उत्तर विकत मिळत होतं तेव्हाही शिक्षक प्रश्नच तपासत होता. त्याचं काम यंत्रानं रद्द केलेलं नाही, वाढवलं आहे.

2020 च्या टाळेबंदीत जे झालं त्याकडे या इतिहासातून पाहावं. मुंबईत 2018 मध्ये सुरू झालेली, मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी ऑगस्ट 2020 मध्ये बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीनं 30 कोटी डॉलरना घेतली. सहावीच्या आतल्या मुलाला ॲप बनवून करोडपती होण्याची स्वप्नं दाखवणाऱ्या जाहिरातींवर जाहिरात मानक परिषदेनं हरकत घेतली आणि त्या काढाव्या लागल्या. त्या जाहिरातींत मुलाचा स्वतःचा प्रश्न कुठेच नव्हता. ॲप कशासाठी, हे विचारायचंच राहून गेलं होतं. साधन आधी, प्रश्न नंतर, आणि तोही गुंतवणूकदाराचा.

उलट क्रमानं केलेलं काम देवनारलाच झालं. टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांचा क्लिक्स हा उपक्रम 2015 मध्ये सुरू झाला. मानखुर्दच्या केंद्राचा त्यात सहभाग होता. इंटरनेट नसलेल्या शाळेतही चालेल असा सर्व्हर शाळेतच ठेवायचा, दोन-तीन मुलांनी एका संगणकावर एकत्र बसून काम करायचं, आणि शिक्षकाच्या तयारीला मुलांच्या धड्याइतकंच वजन द्यायचं, अशी त्याची घडण. युनेस्कोचा पुरस्कारही त्याला मिळाला. तो राबवला गेला छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सरकारी शाळांत. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता.

आता भिस्त आहे ती नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांवर. सहावी ते बारावीसाठी असलेल्या या योजनेत निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, दहा लाख उभारणीसाठी आणि उरलेले पाच वर्षांच्या खर्चासाठी. कल्पना पहिल्या प्रवाहाच्या जवळची आहे: मुलानं अडचण शोधायची, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर आणि कोड हे त्यासाठीचं साहित्य. पण मूळ नियमांत मैदानी भागातल्या शाळेला प्रयोगशाळेसाठी 1500 चौरस फूट बांधीव जागेची अट होती. ज्या वस्तीत एकाच इमारतीत दोन पाळ्यांत शाळा भरते, तिथं ही अट पुरी करायची तर आधी वर्ग रिकामे करावे लागतील. मानखुर्दच्या केंद्राला स्वतःची वास्तू मिळायला अठरा वर्षं लागली होती आणि त्याचं उत्तम काम त्या अठरा वर्षांत, परक्या वर्गखोल्यांतच झालं. अनुदानाच्या नियमांत खोलीच्या मापाऐवजी शिक्षकाचे तास मोजले, तर चेंबूर-गोवंडीच्या शाळांना अर्ज तरी करता येईल.