तळटीप : पट्ट्यांचे वाद्य आणि वाद्यवृंद

१. येथे लेखक मोझार्टपासून सुरुवात करतात. पियानोपुरते ते चालेल, पण पट्ट्यांच्या वाद्यासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्तोचा उगम बाखकडेच शोधायला हवा. तोवर हार्पसिकॉर्ड साथीला असे. खर्जाच्या ओळीवर स्वरसंगती भरणे हे त्याचे काम. बाखने १७२१ साली ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्रेव्हला सहा कॉन्चेर्तो अर्पण केले. त्यांतल्या पाचव्यात त्याने हार्पसिकॉर्डला व्हायोलिन आणि बासरीच्या पंगतीला बसवले आणि पहिल्या भागाच्या अखेरीस बाकी सगळी वाद्ये थांबवून त्याला तब्बल ६५ बारांचे एकट्याचे वादन दिले. दोनच वर्षांपूर्वी बाखने बर्लिनहून क्योटेनच्या दरबारासाठी नवे हार्पसिकॉर्ड आणले होते. त्या वाद्याची ताकद दाखवण्याची उमेद या पानांत स्पष्ट जाणवते, असे माझे मत आहे. पुढे लाइपझिगला त्याने एका हार्पसिकॉर्डसाठी कॉन्चेर्तो रचले, तेही बहुतांशी आपल्याच जुन्या रचना नव्याने बांधून. त्याच सुमारास लंडनमध्ये हँडल ओरटोरिओच्या दोन अंकांमध्ये ऑर्गनवर कॉन्चेर्तो वाजवत असे. बाखचा धाकटा मुलगा योहान क्रिस्टियान हा मोझार्टपर्यंतचा दुवा: त्याच्या तीन सोनाटांना मोझार्टने लहान वयातच कॉन्चेर्तोचे रूप दिले. मोझार्टच्या १७७७च्या ई-फ्लॅट कॉन्चेर्तोत एकल वाद्य वाद्यवृंदाची प्रस्तावना संपण्याची वाट न पाहता दुसऱ्याच बारला बोलू लागते. बेटहोव्हेनच्या चौथ्या कॉन्चेर्तोची तर सुरुवातच एकट्या पियानोने होते.